गिरणीपाशी थांबणारी बस

त्या सकाळी बस आली, पण हॉर्न वाजला नाही. आमच्या कुंभारीत वस्तीच्या वळणावर आला की रफिकभाई हॉर्न असा दाबून धरतो की रस्त्यात झोपलेलं कुत्रंसुद्धा शिव्या दिल्यासारखं बघत बाजूला होतं. मी त्याला कितीदा म्हटलंय, बाबा रे, आम्ही काय बहिरे आहोत का? पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या हॉर्नवरच माझा चहा उकळतो आणि त्या हॉर्नवरच मी दुधाची पिशवी आत घेते. त्या दिवशी चहा उतू गेला तरी हॉर्न नाही... म्हणून बाहेर येऊन पाहिलं, तर बस मलप्पाच्या पिठाच्या गिरणीपुढे उभी होती आणि कामाला जाणाऱ्या बायका खालीच उभ्या होत्या. कुणी चढेना. रफिकभाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. मला बघून तो खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, अक्का गये." कोण अक्का, हे विचारायची गरजच नव्हती. त्या बसची मालकीण सरोजा, बायकांची सरोजाक्का, आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं, असं त्याच्याकडून तुटक तुटक कळलं. बायकांनी हातातले दळणाचे डबे गिरणीपुढे ठेवले आणि बसमध्ये बसल्या. मीही पायात सापडेल ती चप्पल घालून चढले. त्या दिवशी बस कारखान्याकडे गेली नाही, सरोजाच्या घराकडे गेली.

आदल्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. कसला, तर तक्रारीचा. "शाले, पीठ जाडसर आलंय गं. भाकरी तोंडात खरखरतीय. मलप्पाला म्हणावं, जात्याला टाकी लावून घे की जरा, दगड गुळगुळीत झालेत." मी म्हटलं, बाई, तू सोलापुरात राहतेस, तुझ्या दारात चार गिरण्या आहेत, आमच्या मलप्पाचा जीव कशाला खातेस? त्यावर ती हसली. तिचं हसणं मोठं होतं, फोन कानापासून लांब धरावा लागायचा. ते हसणं आमचं शेवटचं असेल असं काही मनात आलं नाही, आणि मी चुलीवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवून दिला. चुलीवर काय होतं, तेही आता आठवत नाही.

सरोजा विणकराच्या घरातली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. मी कुंभारीच्या शेतकऱ्याची मुलगी. आम्ही दोघी सोलापुरातल्या एकाच शाळेत एकाच बाकावर होतो, आणि आमची मैत्री झाली ती एसटीमुळे. झालं असं, की कुंभारीकडे परतायची एसटी शाळा सुटायच्या आधीच निघायची. तिच्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर, आणि त्या गाडीने मुलीने यायचं नाही हे घरी ठरलेलं. त्यामुळे शाळेतला शेवटचा तास मी कधी पाहिलाच नाही. घंटा झाली की दप्तर उचलायचं आणि स्टँडकडे पळायचं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी सरोजा मला कडुलिंबाखाली बसवायची आणि म्हणायची, "ऐक, काल काय झालं ते." मग शेवटचा तास पहिल्यापासून... गुरुजी कुणाला रागावले, फळ्यावर काय लिहिलं, कोण झोपलं, सगळं. शेवटचा तास बहुतेक भूगोलाचा असायचा, म्हणजे मला भारतातल्या नद्या सरोजाने शिकवल्या. त्यातल्या एक-दोन तिने स्वतःच्या मनानं वळवल्या होत्या, हे मला पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं. मी एकदा चिडून म्हटलं होतं, देवानं आमचं गाव एवढं लांब का केलं? ती म्हणाली, "गाव कुठं लांबंय? गाडी लवकर जातीय."

पुढे तिचं लग्न झालं तेही मागाच्या घरातच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना. छोटासाच, पण चालता. मागावर टॉवेल विणला जातो तो सलग तागा असतो. तो कापायचा, कडा दुमडून शिवायच्या, धागे काढायचे, घड्या घालायच्या, मग तो टॉवेल होतो. मागावरचे गडी सायकलवर, मोटारसायकलवर यायचे. कडा शिवायचं काम बायकांचं, आणि बायका मिळेनात. मिळाल्या तरी टिकेनात. इकडे आमच्या कुंभारीत घराघरांत बायका उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या नाहीतर हंगामात कुणाच्या रानात खुरपायला जायच्या, आणि तिकडे सरोजाच्या कारखान्यात न शिवलेल्या टॉवेलांचे ढीग छताला लागायचे. माल वेळेवर जाईना. अशात घरात ठरलं, की हातात जरा पैसा आहे तर एक नवा माग घ्यावा. सरोजा म्हणाली, माग नको, बस घेऊ.

त्या दिवशीचं भांडण तिने मला पुढे इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. तिचे थोरले दीर म्हणाले, "आपण टॉवेलवाले का एसटीवाले? लोक हसतील." सरोजा म्हणाली, "विणायला माग आहेत. शिवायला माणसं कुंभारीत आहेत. मधे नुसता रस्ता आहे. तेवढा विकत घ्यायचाय मला." दीर म्हणाले, ज्याला काम पाहिजे तो येईल चालत. तेव्हा ती त्यांच्या ताटात भात वाढत होती. भाताचं पातेलं हातात तसंच धरून तिने विचारलं, "भावोजी, तुम्ही कारखान्यात कशानं येता?" "स्कूटरवर." "मग उद्या चालत या." दीर काही हसले नाहीत. पण तिचे यजमान, जे कधी चार माणसांत तोंड उघडायचे नाहीत, ते हसले. आणि एकदा हसल्यावर त्यांना बायकोच्या विरोधात बोलता येईना. अशी ती बस आली.

बस म्हणजे काय, एका शाळेची काढून टाकलेली गाडी. निळा रंग मारला होता, पण खरवडलं की खालून पिवळा दिसायचा. आसनं पोरांच्या मापाची, त्यामुळे धिप्पाड बायका बसल्या की गुडघे हनुवटीला लागायचे. त्या आसनांना सरोजाने खोळी कशाच्या घातल्या असतील? टॉवेलच्या. विणताना डाग पडलेले, नक्षीतल्या मोराची मान वाकडी आलेले, असे सगळे टॉवेल तिने शिवून आसनांवर चढवले आणि गाडी मला मोठ्या मिजाशीत दाखवायला आणली. मी म्हटलं, पावसाळ्यात काय करशील? ऐकते कुठं. पावसाळ्यात बायका भिजून चढल्या, त्या टॉवेलांनी सगळं पाणी पिऊन घेतलं आणि बसला असा कुबट वास यायला लागला की रफिकभाई नाकाला रुमाल बांधून गाडी चालवायला लागला. टॉवेलवाल्यांशिवाय ही चूक दुसरं कोण करणार! सरोजाला मात्र लाज नाही. "टॉवेलच हाय की, पुसायलाच असतो," म्हणाली आणि उन्हं पडल्यावर खोळी काढून वाळत घातल्या.

पण त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची राहिली. बस सुरू झाली आणि पहिले बरेच दिवस रिकामी गेली. चौकातल्या थांब्यावर ती उभी राहायची, रफिकभाई हॉर्न वाजवायचा आणि एक बाई फिरकायची नाही. दीर रोज विचारायचे, "आज किती सवाऱ्या?" सरोजा शेवटी माझ्या पायरीवर येऊन बसली. मी आमच्या गल्लीतल्या कौसल्याला हाक मारली. कौसल्या विड्या वळायची, हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ. ती म्हणाली, "अक्का, काम पायजे की. पण चौकात हाटेल हाय, न्हाव्याचं दुकान हाय, सगळी बापई मानसं तितं बसल्याली. आमी नटूनथटून गाडीत चढायचं आन् त्यांनी मागनं बोलायचं. मग घरची म्हनत्यात, नगं ते काम." तेवढ्यात समोरून दोन-तीन बायका डोक्यावर पत्र्याचे डबे घेऊन गेल्या. "ह्या कुठं निघाल्या?" "गिरणीला." "ह्यांना कुणी विचारत नाही का, कुठं चालली म्हणून?" कौसल्या म्हणाली, "त्यात काय इचारायचं? पीठ सपलं की दळान टाकायचंच की."

दुसऱ्या दिवसापासून बस चौकात थांबली नाही. ती वस्तीच्या वळणावर, मलप्पाच्या गिरणीपाशी थांबायला लागली. बायका सकाळी ज्वारीचा डबा घेऊन घरातून निघायच्या, डबा गिरणीच्या रांगेत ठेवायच्या आणि बसमध्ये चढायच्या. संध्याकाळी उतरल्या की पीठ तयार. घरातनं डबा घेऊन निघाली, डबा घेऊन परत आली, मधल्या वेळेत ती कारखान्यात होती की आणखी कुठं, ह्याची चर्चा चौकापर्यंत पोचायचीच बंद झाली. पहिल्यांदा कौसल्या, मग तिची जाऊ, मग बघता बघता बस भरायला लागली. मलप्पानेही एक रीत पाडली. रांगेत एखादा डबा उरला असेल तर तो गिरणी बंद करायचा नाही. डबा आहे म्हणजे ती बाई अजून बसमध्ये आहे, येईल... तो पायरीवर दिवा लावून बसून राहायचा.

मधे एकदा बस बिघडली आणि बरेच आठवडे उभी राहिली. रफिकभाई तिच्याखाली शिरून तेलात माखायचा, पण सुटा भाग मिळेना. टमटमवाले मागतील तेवढं भाडं घ्यायचे आणि बायकांना कोंबून न्यायचे. बऱ्याच जणी पुन्हा उंबऱ्यात विड्या घेऊन बसल्या. बस दुरुस्त होऊन आली तेव्हा निम्म्याही चढल्या नाहीत. आज हाय, उद्या न्हाय, अशा गाडीचा काय भरवसा, म्हणाल्या. तेव्हा सरोजा एक नवा डबा घेऊन बसमधून उतरली. त्यावर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलेलं. सगळ्यांच्या देखत तिने तो ज्वारी भरलेला डबा रांगेत ठेवला आणि म्हणाली, "हा माझा डबा. पीठ न्यायला मी येणार आणि ह्याच बसनं येणार. माझा डबा हितं आहे तोवर बस येईल. डबा दिसला नाही की समजा, बंद." एवढंच बोलली आणि मलप्पाला पैसे देऊन माझ्याकडे चहाला आली. त्या दिवसापासून तिचा डबा कधी रांगेतून हलला नाही. पीठ घेतलं की ज्वारी भरून पुन्हा तिथंच. आता कळलं ना, दारात चार गिरण्या असताना ती आमच्या मलप्पाचा जीव का खायची?

मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण गाव कशानं वर येतं, ह्यावर सभेत बोलणाऱ्या माणसांना मी माझ्या पायरीवर आणून बसवीन, म्हणजे त्यांना दिसेल. कौसल्याची मुलगी त्याच बसच्या मागच्या आसनावर बसून कॉलेजला गेली आणि आज नर्स आहे. तिला शेवटचा तास सोडावा लागला नाही. संध्याकाळी बायका हातात रोख पैसे घेऊन उतरतात हे कळल्यावर मंद्रूपकडची एक भाजीवाली गिरणीपाशी पाटी टाकून बसायला लागली, तिच्या शेजारी चहाची टपरी आली, आणि मलप्पाने मिरची दळायला दुसरं यंत्र बसवलं. आमच्या शाळेत धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून गैरहजर राहणाऱ्या मुली वर्गात दिसू लागल्या, कारण आईच्या पैशात आजीची मनधरणी करून धाकट्यांना तिच्याकडे ठेवता येत होतं. सरोजाचं बघून आणखी दोन-तीन कारखान्यांनी गाड्या धाडल्या. बरं, नवीन काम कुठून आलं? कुठूनच नाही. ते पहिल्यापासून तिथंच होतं, एमआयडीसीत, छताला लागलेलं. आता मोठा रस्ता झाला, रुंद, गुळगुळीत, त्यावरून लांबलांबचे ट्रक वाऱ्यासारखे जातात. चांगलंच आहे. पण रस्त्यावर पैसा घातला म्हणजे काम संपलं असं मानणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की बाबांनो, ह्या रस्त्यावर आमच्या बाईसाठी काय थांबतं? सरोजा असती तर म्हणाली असती, जेवण झालं की सांग त्यांना, उपाशी माणसाशी भांडू नये.

मी निवृत्त झाल्यावर मला करमेना, तेव्हा तिने एक नवं खूळ काढलं. पीठ न्यायला म्हणून संध्याकाळच्या बसने यायची, पायरीवर चहा प्यायची आणि म्हणायची, "पदवे." पदवे म्हणजे तेलुगूत चल गं. मग आम्ही दोघी त्या पोरांच्या मापाच्या आसनांवर गुडघे वर करून बसायचो, सोलापूरपर्यंत जायचो, आणि रफिकभाई मला परत आणून सोडायचा. काम काही नाही. खिडकीतून बघायचं आणि बोलायचं. ती अजून मला शेवटचा तास सांगितल्यासारखंच बोलायची... कारखान्यात आज काय झालं, कोण रुसलं, कुणाच्या मुलीचं ठरलं. मला तिची फार आठवण येते. संध्याकाळी उन्हं उतरली की येते, आणि तेव्हा घरात थांबवत नाही.

ती गेल्यावर आम्ही बायका तिच्या घरी बसलो होतो, तेव्हा कौसल्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, आता गाडीचं कसं?" आणि लगेच तिलाच लाज वाटली, पदर तोंडात धरला. पण प्रश्न सगळ्यांच्याच तोंडावर होता. सरोजाचे यजमान मागेच गेले. कारखाना आता श्रीनिवासच्या, तिच्या मुलाच्या, आमच्या शिनूच्या हातात. पोरगा चांगला आहे, पुण्यात शिकला, तोंडानं गोड, मला मावशी म्हणतो. दिवसकार्य झाल्यावर तो मला म्हणाला, "मावशी, खोटं कशाला बोलू? गाडी म्हातारी झालीय. डिझेल परवडत नाही. आता पुष्कळ बायकांकडं स्कूटी आहे. तेवढ्या पैशात एक नवा माग येईल." पुन्हा तेच. माग का बस. फरक इतकाच, की ह्या वेळी भाताचं पातेलं हातात धरून उभी राहणारी नव्हती. मी म्हटलं, बाळा, ज्यांच्याकडे स्कूटी आहे त्या येतील. ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय? त्याने मान खाली घातली आणि महिनाअखेरपर्यंत चालवतो म्हणाला.

महिना संपला त्या संध्याकाळी तो स्वतः बसमधून आला. सगळ्यांना नमस्कार केला, आणि जाता जाता आईचा डबा न्यावा म्हणून गिरणीच्या रांगेकडे गेला. डबा तिथंच होता. सरोजा गेली त्या दिवसापासून पीठ भरून तयार, मलप्पाने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. श्रीनिवासने डबा उचलला. तेव्हा कौसल्या पुढे झाली. ओरडली नाही, रडली नाही. तिने आपला डबा रांगेतून उचलला आणि काखेत मारला. मग तिच्या जावेने. मग एकेक करत सगळ्यांनी. सिमेंटच्या कट्ट्यावर नुसते डब्यांचे गोल उमटलेले राहिले, पिठाचे. श्रीनिवासला कळेना. "काय झालं?" कौसल्या म्हणाली, "अक्काचा डबा उचलला म्हंजी गाडी बंद. त्यांनीच सांगितलंय हितं उभं ऱ्हाऊन. मग आमी तरी कशाला ठिवायचं?" तो पुण्याला शिकत होता तेव्हाची ती गोष्ट, त्याला कुणी सांगितलीच नव्हती. मी सांगितली. तो ऐकत राहिला, डबा पोटाशी धरून. मग माझ्या घरात आला, परातीत पीठ ओतलं आणि म्हणाला, "मावशी, हे तुम्ही ठेवा. मला कुठं भाकरी येतीय." रिकामा डबा घेऊन तो बसमध्ये बसला आणि गेला.

त्या पिठाची मी दुसऱ्या दिवशी, रविवारी, भाकरी करायला घेतली. जुनं पीठ, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला, थापायला गेलं की कडा फाटायच्या. ज्वारीचं पीठ फार दिवस वाट बघत नाही. मग उकळतं पाणी घातलं, झाकून ठेवलं, पुन्हा मळलं, आणि कशीबशी एक भाकरी झाली. जाडसरच होतं गं पीठ, सरोजा. तुझं खरं होतं. तो घास गिळता गिळता मी पहिल्यांदा मोकळी रडले.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम चहा ठेवला नव्हता. आणि वळणावर हॉर्न वाजला. असा वाजला, असा वाजला... बाहेर गेले तर रफिकभाई बसमधून डबा घेऊन उतरत होता, लाल अक्षरांचा. त्याने तो रांगेत पहिल्या जागी ठेवला. झाकण उघडून पाहिलं तर काठोकाठ ज्वारी. मलप्पाला म्हणाला, "शिनू सेठ बोले, बारीक पीसो. अम्मा को जाडा नहीं चलता." कौसल्या घरात गेली आणि आपला डबा घेऊन आली.

बस किती दिवस चालेल, मला माहीत नाही. गाडी खरंच म्हातारी झाली आहे आणि श्रीनिवासचा हिशेबही काही खोटा नाही. पण आज डबा आहे. मी संध्याकाळी बायका उतरून घरी गेल्या की गिरणीच्या कट्ट्यावर जाऊन त्या डब्याशेजारी बसते. मलप्पाला वाटतं म्हातारीला हवा लागते. शाळेत असताना दप्तर उचलून आधी पळायचे ती मी, आणि मागे थांबून सगळं बघायची ती. ह्या वेळी तिची गाडी आधी निघाली. मग आता मीच तिला सांगते, पहिल्यापासून, काही न गाळता. ऐक सरोजा, आज काय झालं ते.